सहा की बारा, नऊ की अकरा

प्रिय टिल्लू,

तुझं तिसरं पार्सल पोचलं, त्यालाही आता बरेच दिवस झाले. खोका मजबूत होता, दोरी छान आवळून बांधली होतीस, आत भुसा भरून दोन्ही ड्रम अगदी अंड्यांसारखे जपून पाठवले होतेस. बसत नाहीत. मिस्त्रींनी त्यातला एक उचलून चाकामागच्या ताटलीवर धरला, तर मोठ्या डब्यावर लहान डब्याचं झाकण ठेवावं तसा तो वरच्या वर राहिला. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, मी मिस्त्रींकडे बघितलं, आणि दोघांनीही अण्णांकडे बघायचं टाळलं. त्या रविवारी फोनवर तू वैतागून म्हणालास, की ताई, एकदाचं नक्की काय ते कळव. गाडी सहा व्होल्टची की बारा, ब्रेक नऊ इंची की अकरा. दोन शब्दांत लिहून टाक आणि माझ्या डोक्याचा ताप घालव. लिहिते, बाबा. पण दोन शब्दांत होणार नाही. आणि डोक्याच्या तापाचं म्हणशील, तर त्यातला थोडा तुझ्याकडे पाठवण्यासाठीच बसले आहे. तेव्हा स्वतःच्या हाताने चहा करून घे, बायकोला हाक मारू नकोस, आणि निवांत बसून शेवटपर्यंत वाच. पत्र अशासाठी, की फोनवर मी तोंड उघडलं की तू म्हणतोस, बरं बरं, अण्णांना दे.

आधी घराचं सांगते, कारण तू ते विसरला असशील. आपलं पुढचं दार अजूनही वीतभरच उघडतं. जीप होती तिथेच आहे, पत्र्याखाली, नाक दाराला टेकवून. अण्णांनी ती तिथे लावली ती दोन दिवसांसाठी. आईला दवाखान्यातून आणलं होतं, तिला चार पावलंसुद्धा चालायला लागू नये म्हणून अगदी उंबऱ्याशी आणून उभी केली. मग आईने अंथरूण धरलं, गाडी हलवायचं राहून गेलं, आणि पुढे हलवायला गेलो तर चारही चाकं जाम. ब्रेकचे लायनर आतल्या आत ड्रमला गंजून चिकटलेले. ढकलून सरकेना, ओढून सरकेना. आई गेली तेव्हा तिलासुद्धा स्वयंपाकघराच्या दारातून न्यावं लागलं. तू पायांकडून धरलं होतंस, तुझं कोपर फळीला लागून डबे खाली आले, आणि त्या गडबडीतही अण्णा म्हणाले की डबे नंतर उचला. आठवतंय ना? त्याच आठवड्यात तू परत गेलास. मी मात्र आजतागायत त्याच दाराने ये-जा करते. गॅसचा सिलिंडर त्या दाराने, भाजी त्या दाराने, डॉक्टरीणबाई त्या दाराने, ओट्याला वळसा घालून, अंग चोरून. पुढच्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. खिडकी उघडली की समोर गाडीची जाळी, दात विचकल्यासारखी. कधीकधी वाटतं आपण घरात राहत नाही, गाडीच्या डिकीत राहतो.

आता अण्णांची अट तुला माहीतच आहे, कारण ती तूच हसत हसत मान्य केलीस. टिल्लूकडे राहायला येईन, पण माझ्या जीपमध्ये बसून येईन. बसने नाही, भाड्याच्या गाडीने नाही, तू आणायला आलास तरी तुझ्या त्या साबणाच्या वडीसारख्या मोटारीतून नाही. तू म्हणालास, हात्तिच्या, एवढंच ना, जीप चालू करू. आणि कामाची वाटणी झाली. तिकडे मोठा बाजार, म्हणून जुने पार्ट तू शोधायचेस. काय शोधायचं ते रविवारी अण्णा तुला फोनवर सांगणार. आलेला माल मी आणि मिस्त्रींनी बसवायचा. गाडी सुरू झाली की अण्णा तुझ्याकडे, आणि मी त्या परगावच्या डोळ्यांच्या रुग्णालयात नोकरीला. माझ्या नोकरीचं मी तुला एकदाच सांगितलंय, पुन्हा सांगते. त्यांच्या चष्म्यांच्या कारखान्याची सगळी जबाबदारी मला देतायत. भिंगं घासण्यापासून लहान मुलांच्या फ्रेमपर्यंत सगळं माझ्या हाताखाली. आयुष्यभर गल्लीतल्या दुकानात लोकांचे चष्मे सरळ करत बसले, मला असं कुणी बोलावेल हे स्वप्नातही नव्हतं. मी दोनदा तारीख पुढे ढकलून घेतली. तिसऱ्यांदा तिथल्या मोठ्या बाईंनी गोड शब्दांत कळवलं, की येत्या एक तारखेला हजर व्हा, नाहीतर आम्हाला दुसरं कुणी बघावं लागेल. त्यांचं काहीच चुकलं नाही.

तू म्हणशील, मग गाडी कसली आहे ते आधीच का नाही बघितलंत? आंधळे होता का सगळे? अरे, बघायचं कशाला? अण्णा सांगत होते ना! आपल्या घरात सूर्य उशिरा उगवेल, पण गाडीच्या बाबतीत अण्णांचं चुकणार नाही, हे तू आणि मी दुधाबरोबर प्यायलोय. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून ते जेवता जेवता सांगायचे, हिचा दुसरा प्लग गेलाय. मिस्त्री तर त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. आज डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी अण्णांसमोर स्टुलावर बसत नाहीत. अण्णा म्हणाले सहा व्होल्ट, मिस्त्री म्हणाले सहा व्होल्ट. अण्णा म्हणाले नऊ इंची, तूही तिकडे नऊ इंचीच शोधत फिरलास. आणि माझं तर काय सांगू! दुकानात गिऱ्हाईक येऊन छातीठोकपणे सांगतं, माझा नंबर दीड, वर्षानुवर्षं दीड. तरी मी त्याला खुर्चीत बसवते, तपासते, आणि पावणेदोनचा चष्मा देते. माणसाच्या शब्दावर काच घासायची नाही, हा माझा धंदा. पण घरी आल्यावर अण्णांनी म्हणावं आणि मी मान डोलवावी.

तुझ्या पहिल्या पार्सलची गंमत तुला कुणी धड सांगितलीच नाही. तू सहा व्होल्टचे बल्ब पाठवलेस, कॉइल पाठवलीस. बॅटरी मिस्त्रींनी इथेच मिळवली, तीन झाकणांची, सहा व्होल्टची. बल्ब यायच्या आधी आम्ही ती जोडून बघितली, तर पुढचे दिवे निजलेल्या माणसाच्या डोळ्यांसारखे पिवळे, मिणमिण. सेल्फ मारला तर नुसता कण्हला. मी म्हटलं, काहीतरी गडबड आहे. अण्णा खूश! सहा व्होल्टचं असंच असतं म्हणाले, घाई करून चालत नाही, हँडल मारा. तुझे बल्ब आल्यावर मिस्त्रींनी गाडीच्या नाकाशी अंग चोरून उभं राहून हँडल मारलं, दोनदा, चारदा, त्यांचा खांदा निखळायची वेळ आली, आणि काय सांगू टिल्लू, इंजिन लागलं! मी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी सीटवर बसून अॅक्सिलरेटर दिला, दिवे पांढरेफटक झाले, आणखी पांढरे झाले, आणि फट्, फट्, एकामागून एक सगळे उडाले. बॅटरी भाताच्या पातेल्यासारखी खदखदायला लागली. मिस्त्रींनी धावत जाऊन वायर ओढली म्हणून बरं. अण्णा खाली उतरून शांतपणे म्हणाले, बल्ब हलका आहे, त्याला सांगा चांगला माल पाठव. तू बिचारा त्या रविवारी बोलणी खाल्लीस आणि बल्बवाल्याशी भांडून आलास. बल्बवाल्याची माफी माग आता. गाडीतला डायनमो बारा व्होल्टचा, त्याने आपलं काम चोख केलं, सहा व्होल्टच्या बल्बांनी तरी करावं काय? मिस्त्रींना तेव्हाच शंका आली होती म्हणे. पण मूग गिळून बसले. अण्णांना चुकलात असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

ब्रेकचंही तेच. तुझे नऊ इंची लायनर आले तेव्हा ड्रम निघतच नव्हते. मिस्त्रींनी तापवून, ठोकून, शिव्या देऊन एक काढला, तर तुझे लायनर त्यात खुळखुळ्यासारखे. आता तरी शहाणं व्हावं की नाही आम्ही? नाही! अण्णा म्हणाले, कॅम्पातल्या कुणीतरी रातोरात माझी चाकं बदलली, चोर आहेत सगळे, आता ड्रमच मूळचे मागवा. मी कॅम्प शब्द ऐकला आणि हसले. मला वाटलं, म्हातारपणी शब्द इकडचे तिकडे होतात. तू ड्रम मागवलेस. तेच हे तिसरं पार्सल.

तुला फोनवर न सांगितलेल्या बारीकसारीक गोष्टी खूप आहेत. एकदा मिस्त्री आणि अण्णा गाडीपाशी बसले होते, मी चहा घेऊन गेले, तर अण्णा अगदी लाजून मिस्त्रींना सांगत होते, की घरचे मुली बघतायत, या हंगामाचं काम संपलं की सुट्टी काढून जाईन म्हणतो. मिस्त्री खो खो हसले. मीही हसले, म्हटलं, अण्णा, बघा हं, आईला वरून ऐकू जाईल. अण्णांना आमचं हसू कळलं नाही. ते चहा प्यायले आणि कप माझ्या हातात देत आभारी आहे बाई असं म्हणाले. आपले अण्णा! ज्यांनी आयुष्यात कुणाला आभारी आहे म्हटलं नाही! मला वाटलं चेष्टा करतायत. दुसरं म्हणजे कुलूप. संध्याकाळ झाली की स्वयंपाकघराच्या दाराला आतून कुलूप आणि किल्ली गायब. विचारलं की म्हणायचे, सामान जातं. मग मी डब्यांत, चपलांत, गादीखाली किल्ली शोधत फिरायची. दुकानात रोज उशीर. मालक भला माणूस, पण त्यानेही घड्याळाकडे बघायला सुरुवात केली होती.

आणि मग तो दिवस आला. सकाळी मी आंघोळ करून आले तर घरात सामसूम. स्वयंपाकघराचं दार बाहेरून बंद, बाहेर कुलूप. खिडक्यांना गज. हाका मारल्या, उत्तर नाही. पुढच्या खोलीत गेले, दार ढकललं, ते आपलं वीतभर उघडलं आणि गाडीच्या बंपरला अडलं. त्या फटीतून बघते तर अण्णा गाडीत, स्टिअरिंगवर हात ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. मी फटीतून हात बाहेर काढून हलवला. म्हटलं, अण्णा, किल्ली द्या, मला दुकानात जायचंय. ते गाडीतून उतरले, जवळ आले, वाकले, त्या फटीतून माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. आणि अगदी सभ्यपणे बोलले, टिल्लू. म्हणाले, तुम्ही उद्या या. साहेब साइटवर गेलेत, ऑफिस बंद आहे. आणि जाऊन परत गाडीत बसले. मला तुम्ही म्हणाले, स्वतःच्या पोरीला. मी दाराशी खालीच बसले. एका बाजूला बंपर, दुसऱ्या बाजूला कुलूप, आणि मध्ये मी, ओले केस घेऊन. रडले असं नाही, बोंबलले. दुपारी मिस्त्री आले तेव्हा त्यांनी अण्णांशी गोड बोलून किल्ली काढून घेतली आणि दार उघडलं. मी त्यांना म्हटलं, आज दुकान गेलं खड्ड्यात. बॉनेट उघडा.

दुकानातलं माझं भिंग आणि मापाची पट्टी घरी होती. रॉकेलचं फडकं घेऊन डायनमोवरची जुनी काळी पुटं मी खरवडली. खाली पत्र्याची चिमुकली पट्टी निघाली, तिच्यावर ठोकलेले आकडे. भिंग लावलं. बारा. सेल्फवर बघितलं, बारा. वायपरच्या मोटारीवर बघितलं, बारा. मग ड्रम उलटा करून त्याचं आतलं माप घेतलं, आडवं, उभं, तिरकं. अकरा इंच. कुणी काही बदललं नव्हतं. गाडी जन्मापासून बारा व्होल्टची आणि अकरा इंची ब्रेकची. तू आणि मी शाळेतून येताना जिच्या मागच्या फळीवर लोंबकळायचो, तीच ही. मी मिस्त्रींना विचारलं, मग सहा व्होल्ट आणि नऊ इंच हे अण्णांनी आणलं कुठून? एवढं छातीठोक? मिस्त्रींनी हात पुसले. मग म्हणाले, ती पहिली गाडी, ताई. धरण बांधायच्या कॅम्पवर अण्णा ड्रायव्हर होते, तिथली. अण्णांचं लग्न व्हायच्या आधीची. मिस्त्री शिकाऊ असताना अण्णा त्यांना तिच्या गोष्टी सांगायचे, की नऊ इंची ब्रेकवर घाटातून उतरायचं म्हणजे देवाचं नाव घ्यायचं, आणि दिवे असे की काजवा बरा. तेव्हा बघ, अण्णा चुकत नव्हतेच. एकेक आकडा बरोबर सांगत होते. गाडी फक्त दुसरी होती. त्या गाडीच्या वेळी आई नव्हती, मी नव्हते, तूही नव्हतास.

डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी अण्णांना आधी गाडीचं विचारलं, अण्णांनी क्लचपासून टायरपर्यंत सगळं धडाधड सांगितलं. मग घरात कोण कोण असतं ते विचारलं. अण्णा म्हणाले, मी एकटाच, मेसमध्ये जेवतो. बाईंनी मला बाहेर घेऊन सांगितलं की हे मागे जाणारं नाही, पुढेच जाणार, आणि त्यांना एकटं ठेवायचं नाही. खरं सांगू? पहिला विचार अण्णांचा आला नाही. पहिला विचार आला, की आता एक तारीख गेली. मग आपलीच लाज वाटली. मग लाज वाटल्याचा राग आला. तुझाही आला. खूप आला.

कारण तुला दर रविवारी वाटतं, की अण्णांचं डोकं माझ्यापेक्षा तल्लख आहे. तू मला तसं म्हणतोसही. पार्टांची नावं घडाघडा सांगतात, आवाज खणखणीत. ताई, तू उगाच घाबरतेस. अरे, त्यांना फोनवर तू कोण वाटतोस माहितीये? लिहू नये असं वाटत होतं, पण आता लिहितेच. फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, हा स्टोअरवाला माणूस बोलायला चांगला आहे हो, पण माल नेहमी चुकीचा पाठवतो.

तरी मी म्हटलं, अट तर पुरी करू. गाडी चालू झाली की कदाचित बसतील. अकरा इंची लायनर मिस्त्रींना कुठे मिळाले सांगू? आपल्या बसस्टँडच्या मागच्या दुकानात. ढिगाने आहेत. तू तिकडे सगळा बाजार पालथा घालून जे शोधत होतास, ते आता कुणी बनवतही नाही, आणि आपल्याला हवं ते इथे हाकेच्या अंतरावर पडलेलं. बॅटरी बारा व्होल्टची आली. बल्ब आले. मिस्त्रींनी चारही चाकं मोकळी केली. सेल्फ मारला आणि गाडी पहिल्या झटक्याला लागली. मिस्त्रींनी ती मागे घेतली, हळूहळू, रस्त्यापर्यंत. टिल्लू, आपलं पुढचं दार उघडलं! दोन्ही फळ्या, भिंतीपर्यंत! बिजागऱ्या किंचाळल्या. खोलीत ऊन आलं, कोपऱ्यातली जळमटं दिसली, आईच्या खुर्चीचा रंग मुळात हिरवा होता हे मला आठवलं. मी दारातून बाहेर गेले, आत आले, परत बाहेर गेले, वेड्यासारखी. अण्णांची बॅग भरून ठेवली होती. तुला न कळवता तुझ्या दारात येऊन हॉर्न वाजवायचा, असा आमचा बेत होता.

अण्णा गाडीभोवती एक फेरी मारून आले. बॉनेटवर हात ठेवला. दिवे लावायला सांगितले, भर दुपारी दिवे बघितले. आत बसून ब्रेक दाबला, दोनदा. मग खाली उतरले आणि अगदी समजावणीच्या सुरात मिस्त्रींना म्हणाले, गाडी झकास आहे, पण माझी नव्हे. माझी सहा व्होल्टची. हिचे दिवे किती लख्ख आहेत बघा, ब्रेक बघा किती कडक. ज्याची असेल तो शोधत येईल, होती तिथे नेऊन लावा. मी म्हटलं, मिस्त्री, खबरदार. पण मिस्त्रींनी जन्मात अण्णांचा शब्द मोडलेला नाही. खाली मान घालून गाडीत बसले आणि गाडी नेऊन लावली, होती तश्शी, नाक दाराला टेकवून. दार पुन्हा वीतभर. त्या दिवशी मी मिस्त्रींना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नंतर मीच त्यांच्या घरी जाऊन त्यांची समजूत काढली. माझं सगळं उलटंच. आता मी गाडी पुन्हा मागे घ्यायला सांगू शकते, अण्णा ती पुन्हा जागेवर लावायला सांगतील. आणि मागे घेतली तरी फरक काय? ज्या गाडीत बसून यायचं त्यांनी कबूल केलंय ती गाडी भंगारात जाऊन वितळली असेल. तिचे पार्ट तू जन्मभर पाठवलेस तरी ती चालू होणार नाही.

गाडी परत लावल्यापासून अण्णा गाडीजवळच्या पायरीवर बसून असतात. जेवायला उठत नाहीत, ताट तिथे न्यावं लागतं. मी काल शेजारी जाऊन बसले. आता मीही ऑफिसातली बाई झाले आहे, त्याने त्यांना सोपं जातं. विचारलं, गाडी तुमची नाही, मग बसता कशाला, घरी जा की. त्यांनी मला समजावून सांगितलं, शाळेतल्या पोरीला सांगावं तसं. कॅम्पचा नियम आहे म्हणे. बदलीचा ड्रायव्हर आल्याशिवाय ड्रायव्हरने जागा सोडायची नाही, आपली गाडी असो की दुसऱ्याची. तो आला की किल्ली त्याच्या हातात द्यायची, पेट्रोल किती आहे ते सांगायचं, ब्रेक कुठल्या बाजूला ओढतो ते सांगायचं, आणि मग सुट्टी. मग घरी जायचं, कुणाच्याही गाडीत बसून. मी विचारलं, कुणाच्याही? म्हणाले, हो, मिळेल त्या. ड्यूटी संपल्यावर काय हो? पण बदलीवाला येतच नाहीये. किती दिवस झाले, साहेब माणूस पाठवतच नाहीत. आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी लगेच म्हटलं, मीच आहे बदलीवाली, आणा किल्ली. ते रडता रडता हसले. म्हणाले, बाई, तुम्ही ऑफिसातल्या, तुम्हाला कशाला हा त्रास. आज मिस्त्रींना उभं केलं. तर म्हणाले, तू फिटर, तुला लायसन कुठे आहे!

म्हणून हे पत्र. तुला हवं होतं ते उत्तर लिहून टाकते. गाडी बारा व्होल्टची आहे आणि ब्रेक अकरा इंची आहेत. आता काही पाठवू नकोस, टिल्लू. तू ये. एक तारखेच्या आत ये, तुझी ती साबणाची वडी घेऊन ये. रुग्णालयाला मी हो कळवलंय, दुकानात राजीनामा दिलाय, आणि यावेळी मी तारीख पुढे ढकलणार नाही. मी दमले आहे आणि मला जायचं आहे, हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी लिहितेय. आलास की फाटकातून सरळ पायरीपाशी जा. अण्णा म्हणून हाक मारू नकोस, मी तुमचा मुलगा म्हणून सांगू नकोस. फक्त म्हण, मी बदलीचा ड्रायव्हर, साहेबांनी पाठवलंय. ते तुला वरपासून खालपर्यंत बघतील. नावाने हाक मारणार नाहीत, आणि तुला ते लागेल, फार लागेल. मला माहीत आहे कसं लागतं ते. पण त्या वेळी रडू नकोस. ते पेट्रोलचं सांगतील, ब्रेक कुठे ओढतो ते सांगतील, सगळं नीट ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. मग ते खिशातून किल्ली काढून तुझ्या हातात ठेवतील. ती घे, आणि त्यांना सांग की तुमची सुट्टी झाली, चला, मी घरी सोडतो.

वाट बघून थकलेली, पण तुझीच,
ताई